कुंदा माझी चाल चालते

कुंदानं माझं काय काय घेतलं याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. वाटणीत आंब्याचं झाड तिच्याकडे गेलं, मी बोलले नाही. दगडी जातं गेलं, तरी बोलले नाही. सासूबाईंचा पाण्याचा पितळी गुंड तिनं उचलला तेव्हा जरा बोलले, पण तेही घरातल्या घरात. या वर्षी मात्र ऐन मंडईच्या जत्रेच्या तोंडावर तिनं माझी चाल घेतली, आणि हे काही मी सोडणार नव्हते.

चाल म्हणजे चालायची चाल. पन्नास वर्षं धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, त्यांच्या कडेच्या वीतभर रुंद मातीच्या धुऱ्यावरून, डोक्यावर भारा घेऊन कमावलेली. आधी टाच पडते, मग पाऊल, आणि दोन्ही पावलं एका रेषेत. डावा हात कमरेवर. हनुवटी वर, कारण मान खाली घालावी असं मी काही केलेलं नाही. मी शेतातून निघाले की तळ्याच्या काठावरचा माणूस सांगतो, रुख्माबाई येऊन राहिली. तोंड दिसायच्या आधी.

बातमी आणली सुलोचनाबाईनं. ही आमच्या अंगणवाडीत आहे, आणि मंडईच्या नाटकात तिला आजारी धाकट्या जावेचं काम मिळालं होतं, थोरलीचं कुंदाला. सकाळीच आली, ओसरीवर बसली, चहाची कपबशी हातात घेतली आणि नुसती फुंकत राहिली.

"बाई, तुमाले सांगू का नको, असं झालं मले."

"सांगायसाठीच तं आली ना? मंग चाय थंडा काऊन करतेस?"

"काल तालमीत पुष्पांजली कुंदाबाईले म्हणे, आजी, थोरली बाई कशी चालंल ते जरा चालून दाखव. अना कुंदाबाई उठली, पदर खोचला, कमरेवर हात ठेवला, अना चालली. काय सांगू बाई! पुरी तालीम थांबली. सर्वे एका आवाजात बोंबलले, 'रुख्माबाई!'"

"अना तू?"

"मी पण," ती कपात बघत म्हणाली. "तोंडातून निंगलं बाई. रोकता नाही आलं."

मी तिला दुसरा कप दिला नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं झोंबलं तर शेजारी जाऊन विचारायचं. कुंदा माझी धाकटी जाऊ. माझ्या आंगणात आणि तिच्या आंगणात एक छातीएवढी भिंत, एवढंच अंतर. खोकलं तरी ऐकू जातं. पण अडचण अशी की मी कुंदाशी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. आणि पहिला शब्द माझा राहणार नाही, हे मी मारुतीच्या पारावर सगळ्या गावासमोर बोलून बसलेले. म्हणजे तिला 'माझी चाल सोड' म्हणायचं तर आधी अबोला सोडावा लागणार. नाही म्हणायचं तर मंडईच्या दिवशी सगळ्या गावच्या पाहुण्यांसमोर कुंदा माझी चाल चालणार. दोन्हीकडून नाक माझंच कापलं जाणार होतं.

भांडण कशाचं, तेही सांगते, म्हणजे उगाच कोणाला वाटायला नको की आम्ही लुगड्यावरून भांडलो.

आमच्या लोकांनी तळी बांधली तेव्हा सरकार नावाची गोष्ट इकडे आली नव्हती. आमच्या गावाचं तळंही आमच्याच पूर्वजांचं. तळ्याचं पाणी पाळीनं मिळतं. पाणी सोडणारा पाणकर सांगेल त्या दिवशी, सांगेल तेवढा वेळ. वाटणीत माझ्या मालकाला, भैयाजींना, वरच्या बांध्या आल्या आणि माझ्या देराला, म्हणजे कुंदाच्या नवऱ्याला, उमरावला, त्याच्याच खालच्या. म्हणजे आमचा शेवटचा धुरा हा कुंदाचा पहिला धुरा.

अकरा वर्षांमागे पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. धान निसवायला, लोंबी धरायला आलेलं. आमची पाळी लागली, मी स्वतः उभी राहून बांध्या भरून घेतल्या. संध्याकाळी पाणी काठोकाठ होतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सकाळी जाऊन बघते तर खालच्या बांधीत नुसता चिखल, मासोळ्या तडफडून राहिल्या, धुरा हातभर फुटलेला आणि कुंदाची बांधी तुडुंब. साक्षीदार कशाला लागतो? मी तशीच निघाले, सरळ पारावर. कुंदा तिथंच होती, मारुतीला पाणी घालून राहिली होती.

मी म्हटलं, "चोरून पाणी नेऊन देवाले घालतेस का?"

ती म्हणाली, "बाई, मी धुरा नाही फोडला."

"आजपासून तुझ्याशी बोलली तं नावाची रुख्मा नाही. अना कधी बोलणं झालंच तं पयला शब्द तुझा राहील. तोही माफीचा."

कुंदानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं, आठ दिवसांत येईल रडत. ती आलीच नाही. भांडणारी बाई परवडते, 'बरं' म्हणणारी फार वाईट.

आणि आता हे नाटक.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, व्याही येतात, दिवसा दंडारीचे नाच आणि दुकानं, रात्री नाटक. दरवर्षी बाहेरची कंपनी येते. या वर्षी मंडळवाल्यांनी तारीख घ्यायला उशीर केला आणि सगळ्या कंपन्या आधीच बुक. तेव्हा पुष्पांजली उभी राहिली आणि म्हणाली, नाटक मी लिहिते, कामं गावातलेच करतील. ही कुंदाची नात. गोंदियाला इंग्रजीत एम.ए. करते. पण जन्मल्यावर तिला पहिलं न्हाऊ मी घातलं, तेव्हा तिच्यावर अर्धा हक्क माझा. मला मोठी आजी म्हणते. अबोला बायांचा आहे, पोरीचा नाही. ती दोन्ही घरी जेवते आणि दोन्ही घरी भाजीला नाव ठेवते.

सुलोचनाबाई गेल्यावर मी पुष्पांजलीला बोलावणं पाठवलं. ती लॅपटॉप घेऊनच आली.

"मोठी आजी, तू आधी सिनेमा पाय. मंग मले बोल."

"कोणता सिनेमा?"

"ज्याच्यावरून नाटक लिवलं तो. हॉलिवूडचा, लय जुना. अना तो सिनेमा एका कादंबरीवरून काढला. कादंबरी अशी जाडी." तिनं बोटांनी दाखवलं. सासूबाईंच्या पाटाएवढी जाड होती.

पाटावर लॅपटॉप ठेवला. समोर मी, बाजूला भैयाजी. भैयाजींना सिनेमात गाणं नाही हे कळलं तेव्हाच ते भिंतीला टेकले आणि घोरायला लागले. सिनेमा काळा-पांढरा. सगळ्या बाया गोऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. पुष्पांजली पडद्यावर बोट ठेवून सांगत गेली. दोन बहिणी, बापाची सफरचंदाची बाग दोघींत वाटलेली. एके दिवशी बागेचं फाटक कोणीतरी उघडं सोडतं, मेंढरं शिरतात आणि थोरलीची सगळी नवी रोपं खाऊन टाकतात. थोरली म्हणते, धाकटीनंच उघडलं. तेव्हापासून बोलणं बंद. वीस वर्षं.

"कोणी उघडलं होतं फाटक?" मी विचारलं.

"सिनेमात सांगतच नाही."

"अना कादंबरीत?"

"कादंबरीत वाऱ्यानं उघडलं रायते. थोरलीले ते मालूम होते पण ते सांगत नाही कोणाले."

"थांब," मी म्हटलं, "दूध उतू जाऊन राहिलं." आणि चुलीजवळ जाऊन आले.

परत येऊन बसते तर सिनेमा शेवटाला आलेला. धाकटी आजारी पडते. बाहेर बर्फ. थोरली टोपी घालते, हातमोजे घालते, एवढ्या बर्फातून मैलभर चालत जाते, धाकटीच्या दाराशी उभी राहते. धाकटी खाटेवरून तिच्याकडे बघते. थोरली तिच्याकडे बघते. मग थोरली वळते आणि एक शब्द न बोलता परत चालायला लागते. सारंगीसारखं काहीतरी वाजतं आणि सिनेमा संपला.

"झाला?"

"झाला."

"मंग ते गेली कायले?" मी म्हटलं. "टोपी दाखवायले?"

"मोठी आजी, तेच तं आहे त्याच्यात! तिच्या मनात लय काही आहे, पण घमंड आडवा येते."

"घमंड नाही ते. मूर्खपणा आहे. बर्फात घमंड करतात का? घमंड करायचा तं घरी शेकोटीजवळ बसून करावा."

भैयाजी दचकून जागे झाले. "काय झालं? कोण मेलं?"

"कोणी नाही मेलं. झोपा."

पुष्पांजली हसून हसून लोळली. मग डोळे पुसत म्हणाली, "कादंबरीत असा शेवट नाही. कादंबरीत थोरली अंदर जाते, तोंड उघडते, अना चाळीस पानं दोघी भांडतात. मंग दोघी मिळून शिळी भाकर खातात. सिनेमावाल्यांनी ते काढून टाकलं. त्यांची हिरोईन म्हणे डोळ्यांनी बोलासाठी मशहूर होती."

"मंग तू काऊन सिनेमाचा शेवट घेतला? कादंबरीचा घेवाचा. चाळीस पानं भांडण म्हटलं तं मंडईतले लोक सकाळपावतर हलणार नाहीत."

तिनं लॅपटॉप बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे थेट कुंदाचे आहेत, हा एक तिचा दोष.

"चाळीस पानं भांडण लिवासाठी भांडताना कोणी पायलं पायजे ना, मोठी आजी. मी बारा वर्षांची होती तवापासून या दोन घरात अबोलाच पाहून राहिली. जे पायलं ते लिवलं."

मी तिला चिवडा दिला. दुसरं काय देणार? ती निघताना मी म्हटलं, "नाटक कर. पण कुंदाले सांग, चाल बदल म्हणा."

"काऊन? चालीचा सातबारा तुझ्या नावानं हाये का?"

आणि पळाली. चिवड्याची वाटी घेऊन.

मग मी भैयाजींना कामाला लावलं. म्हटलं, भावाकडे जा आणि सांगा, तुझ्या बायकोला आवर. भाऊ-भाऊ बोलतात, त्यांनी कधी अबोला धरलाच नाही, तेवढी हिंमत दोघांतही नाही. भैयाजी गेले. तासाभरानं आले, तोंडात तंबाखूचा खर्रा.

"काय म्हणे उमराव?"

"म्हणे, हरभरा या साली लौकर टाकू."

"अना चालीचं?"

"हाव," भैयाजी म्हणाले, "ते तं रायलंच."

शेवटी मी स्वतः हाती घेतलं. अबोल्याचे नियम असतात. माणसाशी बोलायचं नाही, पण आपल्या कोंबडीशी आपण काहीही बोलू शकतो, ती आपली कोंबडी आहे. दुपारी कुंदा तिच्या आंगणात गाईला कुकुस, म्हणजे धानाचा कोंडा, देत होती. मी भिंतीजवळ कोंबड्यांना कणी टाकायला गेले आणि जरा आवाज चढवला.

"काय वो कोंबडे! दुसऱ्याची चाल चालायले लाज नाही वाटत?"

भिंतीपलीकडे टोपलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुंदा तिच्या गाईला म्हणाली, "काय वो कपिले, आता जमिनीवर पाय ठेवासाठी पण परवानगी लागते म्हणते लोक."

"कोंबडे, ज्याले सोताचं काही नसते तेच दुसऱ्याचं उचलते!"

"कपिले, चांगली चीज असंल तंच कोणी उचलते. खराब चाल कोण घेते वो?"

ही टोमणा मारते की कौतुक करते, तेच कळेना. तेवढ्यात भैयाजी ओसरीतून म्हणाले, "कोंबडीले म्हणा, चाय ठेव." पलीकडे उमराव फिसकन हसला. मी कणीची वाटी तिथंच आपटली.

त्याच संध्याकाळी हर्षाचा फोन आला. हर्षा माझी लेक, कोहमाऱ्याला दिली आहे.

"आई, मंडईले आम्ही सर्वे येऊन राहिलो. सासूबाई पण येतो म्हणून राहिल्या."

"येऊ दे. पण त्यांचे तं गुडघे दुखतात ना?"

"दुखतात. पण त्या म्हणतात, तुझ्या आईवर नाटक आहे म्हणते, ते पायल्याबिगर कसं रावाचं?"

घ्या! नाटक अजून उभं राहायचं होतं आणि कोहमाऱ्याला पोचलं पण. माझी व्याहीण पहिल्या रांगेत बसणार, पान खाणार आणि बघणार की रुख्मा आजारी जावेच्या दारापर्यंत जाते आणि तोंड न उघडता परत येते. पुढे जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी आले की ही बाई लोकांच्या कानाला लागणार. मी ठरवलं, उद्या रंगीत तालमीला जाऊन बसायचं. मी समोर बसले की कुंदाची हिंमत होणार नाही माझी चाल चालायची.

तालीम दुपारी होती, शाळेमागच्या मैदानात, मंडप टाकला होता तिथंच. मंडळाची पोरं ट्यूबलाइट बांधून राहिली होती, एका बाजूला पाळण्यावाला त्याचे लोखंडी पाळणे जोडत होता. मी टाच आधी ठेवत मधल्या वाटेनं गेले आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले, जिथं उद्या माझी व्याहीण बसणार होती. भैयाजी माझ्या मागे. पुष्पांजलीनं मला पाहिलं आणि हातातले कागद खालीवर केले.

नाटकात तिनं बागेची बांधी केली होती, फाटकाचा धुरा, बहिणींच्या जावा. बर्फाऐवजी पहाटेचं धुकं. ते पोरं धुपाटण्यातून सोडत होती आणि स्वतःच खोकत होती. रंगमंचाच्या मधोमध तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, पोती आडवी लावून धुरा बनवला होता. पलीकडे खाटेवर सुलोचनाबाई मरायला पडली होती. असा खोकला मी जन्मात ऐकला नाही. पोटभर जेवून खोकत होती. पुष्पांजली ओरडली, "काकी, हळू! तू मरून राहिलीस, भांडून नाही!"

मग कुंदा आली.

आली म्हणजे मी आले. मी कधी स्वतःला येताना पाहिलं नव्हतं. आरशात माणूस उभा दिसतो, चालताना दिसत नाही. टाच, मग पाऊल, एका रेषेत. कमरेवर हात. हनुवटी. मला राग यायला हवा होता, मी रागासाठीच तयारी करून गेले होते. पण खरं सांगते, ती बाई मला बरी वाटली. धुऱ्यावरून अशी चालत होती की तो धुरा, ती बांधी, ते तळं सगळं तिनं स्वतः खणलं असावं. मागून भैयाजी हळूच म्हणाले, "हुबेहूब वो!" मी त्यांच्याकडे वळून बघितलं, तेव्हा ते पाळण्यांकडे बघायला लागले.

कुंदा खाटेशी येऊन उभी राहिली. सुलोचनाबाईनं तिच्याकडे बघितलं. कुंदानं सुलोचनाबाईकडे बघितलं. बराच वेळ. पाळण्यावाल्याचा हातोडाही थांबला. मग कुंदा वळली आणि परत निघाली, सिनेमातल्यासारखी. इथं पडदा पडायचा होता. एका पोरानं दोरी हातात घेतलीसुद्धा.

पण कुंदा धुऱ्याशी थांबली. तिनं आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, कोणी आहे का म्हणून. मग लुगडं घोट्यावर उचललं, धुऱ्याच्या पायथ्याशी टाच टेकवली आणि दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. मग चिखल लागल्यासारखी टाच तणसावर पुसली, हनुवटी वर केली आणि चालायला लागली.

"आजी!" पुष्पांजली खालून ओरडली. "हे स्क्रिप्टमध्ये नाही! हे काय करून राहिलीस?"

"थोरली असंच करते," कुंदा म्हणाली.

"काऊन पण? लोकाले काय समजंल?"

"न समजू दे."

लोकांना काही समजलं नाही. एकदोन जण हसले, त्यांना वाटलं बाईचा पाय अडकला. मला समजलं. सगळ्या मंडपात फक्त मला.

कारण ते मी केलं होतं. पारावर सगळ्या गावासमोर बोलून आले त्याच्या आठव्या दिवशी. बांधी सुकत आली होती आणि मी फुटलेला धुरा लिंपायला एकटीच गेले होते. माती सारखी करताना बघते तर पायथ्याशी भोक. आत खेकडा. चांगला तळहाताएवढा, नांग्या वर करून बसलेला. त्यानं धुरा खालून पोखरला होता आणि पाण्याच्या जोरानं तो फुटला होता. फावड्याचा घाव नव्हता कुठंच. आयुष्य बांधीत गेलं माझं, खेकड्यानं फोडलेला धुरा आणि फावड्यानं फोडलेला धुरा मला आंधळेपणीही कळला असता. पण त्या सकाळी मी धुऱ्याकडे बघितलंच नव्हतं, कुंदाच्या भरलेल्या बांधीकडे बघितलं होतं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. लांब खालच्या बांधीत कोणीतरी निंदायला वाकलेलं होतं, पाठ माझ्याकडे. मी टाचेनं भोक बुजवलं, तीनदा दाबलं, टाच गवतावर पुसली आणि घरी आले. कोणाला सांगितलं नाही. भैयाजींनाही नाही.

म्हणजे ती वाकलेली बाई कुंदा होती. आणि तिची पाठ नव्हती माझ्याकडे.

अकरा वर्षं तिला माहीत होतं. अकरा वर्षं गावात पाणीचोर म्हणून राहिली. पाणकर पाळी देताना तिच्या बांधीजवळ मुद्दाम दोनदा फेरी मारायचा, ते तिनं बघितलं. एक शब्द बोलली असती पारावर, की रुख्माबाईनं खेकड्याचं भोक बुजवलं, तर माझी चाल कोणी घेतली नसती. घेण्यासारखी राहिलीच नसती. नाही बोलली. 'बरं' म्हणाली होती, तेच धरून बसली.

आता बघा, मला काही करायची गरज नव्हती. उद्याही तिनं टाच दाबली असती, व्याहिणीला वाटलं असतं पाय मुरगळला. नाटक संपलं असतं, मंडई उठली असती. पहिला शब्द माझा नाही, हे माझं बोलणं तसंच राहिलं असतं. हनुवटी वर ठेवून मी घरी गेले असते. घरी जाण्याइतकं सोपं दुसरं काही नव्हतं. त्या सिनेमातल्या टोपीवालीनंही तेच केलं होतं.

मी उठले. भैयाजी म्हणाले, "चाला, घरी जाऊ."

"तुमी जा," मी म्हटलं.

रंगमंचाला पायरी नव्हती, एक बाकडं लावलेलं होतं. मी बाकड्यावर चढले, मग वर. पुष्पांजली खाली कागद छातीशी धरून उभी. पडद्याची दोरी धरलेला पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता. सुलोचनाबाई मेलेली होती, ती उठून बसली. कुंदा धुऱ्याच्या पलीकडे, कमरेवर माझाच हात ठेवून उभी राहिली. जवळून पाहिलं तर म्हातारी झाली होती. भिंतीवरून नुसतं डोकं दिसायचं, त्यामुळे मला कळलं नव्हतं.

तिला काही म्हणायचं नव्हतंच. पहिला शब्द माझा व्हायचा होता. तीही वाटच पाहत होती, बहुतेक अकरा वर्षांपासून.

मी मंडपाकडे तोंड केलं आणि पारावर लावला होता तेवढाच आवाज लावला, म्हणजे पाळण्यावाल्यापर्यंत जावा.

"ऐका सर्वे! अकरा सालामागं धुरा कुंदानं नाही फोडला. खेकड्यानं फोडला होता. मी माझ्या डोळ्यानं पायलं अना बुजवून टाकलं. पाणीचोर म्हणाचं तं आता मले म्हणा, कुंदाले नाही."

भैयाजी खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मागच्या रांगेत बसलेला उमराव म्हणाला, "खेकडा?" आणि कोणीतरी त्याला गप्प केलं.

मग मी धुरा ओलांडला, पोत्यावरून, टाच आधी, आणि कुंदासमोर जाऊन उभी राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. हे काही नाटकातलं नव्हतं, एवढं चांगलं काम तिला येत नाही.

"अना तू!" मी म्हटलं. "अकरा साल तुले मालूम होतं, अना तोंड नाही उघडलं तुनं! लोक मले घमंडी म्हणतात. पण या पुऱ्या गावात माझ्याहून घमंडी बाई एकच हाये, कुंदे, अना ते तू हायेस!"